साठातले पावणेदोन इंच

"पाणी पाजलंय का?"

मापाड्याचा पहिला प्रश्न हाच. विकणारा "नाही हो" म्हणाला तरी तो वाकून जनावराची डावी कूस बघायचा, दोन बोटांनी दाबायचा आणि म्हणायचा, "पाऊण तास थांबा." बाजारात आणण्याआधी वासरांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी पाजणारे कमी नव्हते. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. तेवढ्यात ट्रक सुटला तरी सुटू दे, फुगलेल्या पोटाला त्याचा टेप लागत नसे.

मग जनावर उभं करायचं. टेबलाचे असतात तसे चारही पाय सरळ. मान ना वर, ना खाली. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती टेप घ्यायचा. केस दबतील इतका ओढायचा, कातडी दबेल इतका नाही. जनावराने श्वास सोडला की आकडा वाचायचा. असं तीन वेळा, आणि तिन्हींतला मधला आकडा धरायचा. पुढे खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी, तीही तीन वेळा. घेर गुणिले घेर, त्याला गुणिले लांबी, भागिले सहाशे साठ. इंचांत मोजलं की उत्तर किलोत येतं. हे गणित तो झोपेतही करू शकला असता, तरी प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मांडायचा. तोंडी केलेलं गणित समोरच्याला तपासता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

एका जनावराला वीस मिनिटं लागत. दुसरा कुणी पाच मिनिटांत उरकून मोकळा झाला असता.

गुरांच्या बाजाराच्या आवारात एक फळा होता. दर गुरुवारी सकाळी त्यावर किलोचा भाव खडूने लिहिला जाई. भाव व्यापारी ठरवायचे, वजन मापाडी सांगायचा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे किंमत. भावावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात. वजनावरून सव्वीस वर्षांत कुणी ब्र काढला नव्हता. मापाडी विकणाऱ्याकडून जेवढे पैसे घ्यायचा तेवढेच घेणाऱ्याकडून घ्यायचा आणि दोघांपैकी कुणाचाही चहा प्यायचा नाही.

त्याआधी तो पशुखाद्याच्या गोदामात पोती वाहायचा. तिथे पाठ गेली. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दया येऊन हे टेपाचं काम शिकवलं, तेव्हापासून तो यातच होता. पोती वाहतानाही तो असाच होता. पोतं टाकायचा नाही, ठेवायचा.

टेप पांढरा, कापडी होता, ऐंशी इंची. एका जनावराची खरूज दुसऱ्याला लागू नये म्हणून तो दर गुरुवारी संध्याकाळी गरम पाण्यात औषध घालून टेप धुवायचा. आधीचा टेप तारेवर वाळवून वाळवून चुरगळला होता, आणि चुरगळलेल्या टेपावर कसला भरवसा ठेवायचा? म्हणून अकरा वर्षांपूर्वी हा नवा घेतला तेव्हा त्याने युक्ती केली. मागच्या भिंतीत उंचावर खिळा ठोकला, टेपाचं एक टोक त्याला अडकवलं आणि खालच्या टोकाला ट्रकच्या चाकाचा एक नट बांधला. रात्रभर टेप ताठ लोंबायचा. सकाळी एक सुरकुती म्हणून दिसायची नाही.

"स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री नाही," बायको म्हणायची, "आणि टेपाला दर गुरुवारी फाशी."

त्याला हे ऐकायला आवडायचं. आपण काम नीट करतो हे त्यात आलं होतं.

त्याची धाकटी बहीण वस्तीच्या टोकाला एका भाड्याच्या गोठ्यात वासरं वाढवायची. डेअरीला नर वासरं नकोशी असत. आठवड्याभराची झाली की मिळेल त्या किमतीला ती डेअरीच्या बाहेर पडत. बहीण पाच-सहा घ्यायची, बादलीने दूध पाजायची, पंधरा महिने सांभाळून विकायची. नवरा गेल्यापासून तिचं सगळं या गोठ्यावर चाललं होतं.

आधीच्या खेपेला तिने पाच गोऱ्हे विकले. मापाड्याने मोजले तेव्हा सरासरी एकशे पंच्याऐंशी किलो भरले. पंधरा महिन्यांच्या गोऱ्ह्याने दोनशे तरी गाठायला हवेत. व्यवहार उरकल्यावर बहीण कठड्याला टेकून उभी होती. तो तिच्याजवळ गेला.

"दुधात पाणी पडतंय तुझ्या."

"नाही रे दादा. एक थेंब नाही घालत."

"मग कष्ट कमी पडतायत. दोन्हींतलं एक काहीतरी आहे."

"पाणी नाही घालत मी."

"मग दुसरं," तो म्हणाला आणि पुढच्या जनावराकडे गेला.

त्या वर्षी तिने घरची एकुलती एक गाय विकून गोठ्याचं भाडं भरलं आणि सहा नवी वासरं आणली. दोन वेळचं दूध तीन वेळा केलं. डेअरीत साय काढून उरलेलं दूध स्वस्तात मिळायचं, ते आणायला दिवसातून दोन खेपा. दोन हातांत पंधरा-पंधरा लिटरचे दोन कॅन, अंतर दीड किलोमीटर. असे चार महिने. पाचव्या महिन्यात तिचा उजवा खांदा धरला, तो सुटलाच नाही. हात खांद्याच्या वर जाईना. ती डाव्या हाताने केस विंचरायला शिकली.

मापाडी दर पंधरवड्याला जाऊन सहाही जनावरं मोजून द्यायचा आणि बहीण गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडे लिहायची. बाजाराच्या आधीच्या रविवारी सहांची बेरीज आली अकराशे चाळीस. म्हणजे एकेक जनावर एकशे नव्वद. एवढा जीव काढून जनावरामागे पाच किलो वाढले होते.

गोठ्याच्या मालकाने तिला सांगून ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत वर्षाचं भाडं हातात पडलं तर ठीक, नाहीतर शुक्रवारी लाकडाचा व्यापारी तिथे फळ्या आणून टाकणार. भाडं, नवी वासरं, त्यांचं दूध, तिचं स्वतःचं पोट, सगळं धरून तिला एक लाख ऐंशी हजार हवे होते. भाव दीडशेचा चालला होता. म्हणजे बाराशे किलो. साठ किलोंसाठी गोठा जात होता.

मंगळवारी दुपारी मापाड्याची बायको बाहेरून आली ती तणतणतच. ती गाद्यांचे अभ्रे शिवायची. तिचा टेप कुठेतरी हरवला होता म्हणून वसतिगृहाचे बारा अभ्रे तिने आदल्या दिवशी नवऱ्याच्या टेपाने मोजून कापले होते. ते बाराही परत घेऊन आली होती.

"अहो, तुमच्या टेपाला काय झालंय?"

"टेपाला काय व्हायचंय? तुझ्या कात्रीला विचार."

"बहात्तर इंची गादी. बहात्तर मोजून कापलं, शिवणीचं वेगळं सोडलं. गादी आत लोळतेय! तो कारकून मला म्हणतो, बाई, यात गादी घालायची का गादीसकट पोरगं?"

"मोजताना कापड ताणलं असशील."

"बारा वेळा? आणि बाराही वेळा बरोबर दोनच इंच?"

मापाड्याने एक अभ्रा हातात घेतला. हाताची चूक दर वेळी वेगळी होते. बारा वेळा जी चूक सारखी होते ती हाताची नसते. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्याने कपाटातून पोलादी फूटपट्टी काढली. टेप टेबलावर पसरला, टोकाला खिळ्यांचा डबा ठेवला आणि फूटपट्टी टेपाच्या कडेने लावत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच फूट झाले. फूटपट्टीचं टोक जिथे संपलं तिथे टेपावर साठाचा आकडा यायला हवा होता. तो पुढे होता. पावणेदोन इंच पुढे.

त्याने दुसऱ्या टोकाकडून मोजलं. मग टेप उलटा करून मोजलं. मग उठून मागच्या भिंतीकडे गेला, खिळ्याच्या खाली ठेवलेला नट उचलला आणि स्वयंपाकघरातल्या तराजूत टाकला. पाऊण किलो. ओलं कापड, त्याला पाऊण किलो लोखंड, आणि रात्रभर. दर गुरुवारी. अकरा वर्षं.

"म्हणजे काय झालं, ते सरळ सांगा," बायको म्हणाली.

"टेप लांबला. लांबलेल्या टेपाने साठ इंचाचं जनावर सव्वाअठ्ठावन्न दिसतं. घेर दोनदा गुणायचा, लांबी एकदा. चूक तीनदा पडते."

"मला गणित नका शिकवू. किती?"

"सहा गोऱ्ह्यांमागे अर्धा गोऱ्हा."

बायको हातातले अभ्रे घेऊन तशीच खाली बसली. "अकरा वर्षं?"

"कधीपासून ते नाही माहीत. एका रात्रीत नसणार लांबला. थोडा थोडा."

"आणि अर्धा गोऱ्हा दर वेळी कुणाच्या खिशातून गेला?"

"विकणाऱ्याच्या."

तिने अभ्रे मांडीवरून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बाकीच्यांचं नंतर बघा. आधी तुमच्या बहिणीला सांगा."

"उद्या जातो."

संध्याकाळी तिने दुकानातून नवा टेप आणून त्याच्यासमोर ठेवला. पिवळा, प्लॅस्टिकसारखा, न ताणणारा. तिने तो आधी फूटपट्टीला लावून बघितला होता.

बुधवारी मापाडी गोठ्यावर गेला. बहीण डाव्या हाताने शेण ओढत होती, उजवा हात नुसता फावड्याच्या दांड्यावर ठेवलेला.

"आज कसा? रविवारी तर मोजून गेलास."

"सहज."

"तू आणि सहज?" ती हसली. "बरं झालं आलास. मी मालकाला आजच नाही म्हणून सांगते. उगाच उद्यापर्यंत त्याला कशाला लटकवायचं? धुलाईच्या कारखान्यात बायका घेतायत."

"एका हाताने धुणार?"

"धुवायला यंत्रं आहेत. घड्या घालायला बायका लागतात. एका हाताने अर्धी घडी घालीन, अर्धा पगार देतील."

"उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला काही सांगू नकोस."

"का? साठ किलो काय आज रात्रीतून चढणार आहेत त्यांच्या अंगावर?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. दारावरचा खडूचा रकाना त्याला दिसत होता. पंधरवड्या-पंधरवड्याचे आकडे, एकाखाली एक, तिच्या मोठ्या गोल अक्षरांत. त्याने तोंड उघडलं आणि गोऱ्ह्यांकडे बघत म्हणाला, "आज रात्री पाणी बेताने दे." आणि निघाला.

वाटेने तो पैशांचा विचार करत नव्हता. 'मग दुसरं,' हे त्याचे शब्द कानात वाजत होते. गोदामात असताना एक मुकादम होता. हमाल सगळं बळ लावून पोतं उचलत असले की तो पायरीवर बसून म्हणायचा, "अंग चोरू नका रे." मुकादम मरून वीस वर्षं झाली होती. मापाड्याने त्याला अजून माफ केलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी फळ्यावर दीडशे लिहिलेले होते. बहिणीचे सहाही गोऱ्हे कठड्याला बांधलेले. त्यांना घ्यायला आला होता तो व्यापारी, ज्याला सगळे गोगलगाय म्हणत. हळू चालायचा, हळू बोलायचा, आणि गेला त्या वाटेवर काहीतरी चिकट राहायचं. आवारातली ही एकच गाय कुणाला विकता येत नाही, असं लोक त्याच्यामागे म्हणायचे. त्याचा ट्रक निम्मा भरून मागे उभा होता.

मापाड्याने पहिल्या गोऱ्ह्याची कूस दाबली. पाय सरळ केले. खिशातून पिवळा टेप काढला. घेर छप्पन्न. लांबी चव्वेचाळीस. तीन-तीन वेळा. पुठ्ठ्यावर गणित मांडलं, पुन्हा तपासलं.

"दोनशे नऊ," तो म्हणाला.

गोगलगाय बोलायच्या आधी बहीण बोलली. "दादा, चुकलास. हा एकशे ब्याण्णव आहे."

"दोनशे नऊ."

"अरे, रविवारी तूच मोजलास. माझ्या दारावर लिहिलंय." ती जवळ आली आणि आवाज दाबून म्हणाली, "हे असलं नको करूस. मेहेरबानी नको मला. एकशे ब्याण्णव तर ब्याण्णव."

आवाज दाबलेला असला तरी शेजारच्या कठड्यापर्यंत गेलाच. दोन-चार माणसं वळली.

गोगलगाय मान हलवत हळूहळू म्हणाला, "वा, मापाडी. सव्वीस वर्षं नाकासमोर चाललात. आज बहिणीचं जनावर आलं आणि टेप आखडला वाटतं?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. चहाची किटली घेऊन जाणाराही थांबला.

बहिणीचा चेहरा उतरला होता. "तो जुना टेप काढ ना," ती म्हणाली. "जुन्याने मोज आणि संपव."

मापाड्याच्या दुसऱ्या खिशात जुना टेप होता. त्याने तो काढला. सगळ्यांना वाटलं आता हा गुपचूप मोजेल. त्याने कठड्याच्या वरच्या लाकडावर जुना टेप पसरला, त्याच्या कडेला पिवळा पसरला, दोन्हींची सुरुवातीची टोकं जुळवून अंगठ्याने दाबून धरली.

"साठ बघा," तो म्हणाला. "दोन्हींवरचा साठ."

माणसं वाकली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बोट ठेवलं. पिवळ्याचा साठ इथे, पांढऱ्याचा तिथे. मध्ये बोटभर नव्हे, चांगलं दोन बोटांचं अंतर दिसत होतं.

"पिवळा आखूड असेल," कुणीतरी म्हणालं.

"पोलादी पट्टीला लावून आणलाय. कुणाला पट्टी हवी तर माझ्या पिशवीत आहे." मापाडी सरळ उभा राहिला. "जुना लांबलाय. वाळवताना मी त्याला वजन बांधत होतो. जनावर कमी भरत होतं. आजवर तुम्हा सगळ्यांचं कमी भरलं."

"किती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आता शेकडा आठ-नऊ किलो. आधी कमी असेल."

"किती वर्षं?"

"वजन बांधायला लागून अकरा. कधीपासून लांबला ते मला माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं."

मग म्हातारा गोगलगायकडे वळला. "तू रोज शंभर जनावरं बघतोस. तुला नाही कळलं?"

"वाटायचं कधी कधी," गोगलगाय म्हणाला, "मापाडी हलकं धरतो म्हणून. पण मी कुणाचं दावं चोरलं नाही. तुम्ही मापाड्याच्या शब्दावर दिलंत, मी मापाड्याच्या शब्दावर घेतलं."

"मग बोलला नाहीस ते?"

"जड धरत असता तर तू बोलला असतास?"

म्हाताऱ्याने कठड्यावरचं बोट काढून घेतलं.

गोगलगायने गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवला. "ठीक आहे. नव्या टेपाने मोजा. पण मग किलोला एकशे अडतीस."

"फळ्यावर दीडशे आहे," बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"फळा जुन्या टेपाचा आहे, बाई."

"फळ्यावर टेप नाही लिहिलेला. किलो लिहिलेत."

"दीडशे," म्हातारा म्हणाला. त्याच्या शेजारचाही म्हणाला. गोगलगायने मागे वळून आपल्या निम्म्या रिकाम्या ट्रककडे बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे. त्यांतल्या प्रत्येकाला काही ना काही आज विकायचं होतं. तो हळूच हसला. "दीडशे तर दीडशे. मोजा."

मापाड्याने उरलेले पाचही गोऱ्हे मोजले. एकेकाला वीस मिनिटं. कुणी घाई केली नाही. बेरीज आली बाराशे बेचाळीस. एक लाख शहाऐंशी हजार तीनशे. गोगलगायने नोटा मोजून बहिणीच्या डाव्या हातात दिल्या. गोऱ्हे फळीवरून ट्रकात चढले. शेवटचा मागे फिरून बघायला लागला तेव्हा त्याच्या पाठीवर काठी बसली.

त्या दिवशी मापाड्याला दुसऱ्या कुणी बोलावलं नाही. नवा टेप खरा होता हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी बोलावलं नाही. दुपारपर्यंत ठरलं की वर्गणी काढून लोखंडी वजनकाटा आणायचा. तोवर अंदाजपंचे. अंदाजात विकणारा आणखी बुडणार हे मापाड्याला समजत होतं, पण ते सांगायला त्याचं तोंड राहिलं नव्हतं.

म्हातारा शेतकरी जाताना त्याच्यापाशी थांबला. पैशांची गोष्ट त्याने काढली नाही.

"माझी ती लाल कालवड आठवते? सात वर्षं झाली. तू म्हणालास, अंग धरत नाही, वाणच हलका आहे."

"म्हणालो असेन."

"म्हणालास. मी तिची आईही काढून टाकली. मग तिची बहीण." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "चांगली दुधाची होती रे आई," असं म्हणून गेला.

बहीण आवाराच्या फाटकाशी थांबली होती. पैसे तिने पदराआड घट्ट धरले होते. तो जवळ आल्यावर ती चालायला लागली.

"मागच्या खेपेचे किती होते?" तिने विचारलं. "खरे?"

"दोनशे एक. सरासरी."

"म्हणजे तेव्हाही नीटच होते."

"नीटच होते."

"तीन वेळचं दूध लागतच नव्हतं."

"थोडं लागलं असेल. खऱ्या मापाने यंदा जनावरामागे पाच-सहा किलो जास्त आहेत."

"पाच-सहा किलो." तिने डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. "माझं तर ते चार महिने झोपेतही चालायचं, दादा. कुठे कमी पडते, कुठे कमी पडते. कुणाला विचारणार? तूच म्हणाला होतास."

'चुकलो' हा शब्द त्याने तोंडात फिरवून बघितला, आणि तो फार लहान वाटला.

मालकाच्या घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"जा," तो म्हणाला. "पैसे पुरतात. सहा हजार वर आहेत."

"पैसे पुरतात रे. बादली कोण उचलणार? मी गोठा घेते म्हणाले आणि उद्या सहा वासरं आणली, तर हा हात वर जातो का?"

"मी उचलतो."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाईक जनावराकडे बघतं तसं. "तुझी पाठ?"

"आहे तेवढी."

"तुला वाटतं त्याने फिटेल?"

"नाही."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "पहाटे साडेचारला डेअरीवर. पाचला गेलास तर तो माणूस दूध डुकरांकडे ओततो."

"जाईन."

"आणि पाजायचं मी सांगेन तेवढं. तिथे पुठ्ठा-पेन्सिल चालणार नाही."

"नाही आणत."

तिने मालकाचं दार वाजवलं.

सोमवारी सहा वासरं आली. नाकं ओली, पाय काड्यांसारखे, दिसेल त्याचं बोट चोखणारी. मंगळवारी पहाटे मापाड्याने डेअरीवर दोन कॅन भरून घेतले. पहिली दोनशे पावलं तो चालला. मग कॅन खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभा राहिला. मग पुन्हा उचलले. कॅनची तारेची मूठ बोटांत रुतते, ती बदलायलाही ठेवावं लागतं, हे त्याला पुलाजवळ कळलं. चढावर तर दहा-दहा पावलांनी ठेवायची वेळ आली. दोनदा दूध हिंदकळून पायांवर सांडलं.

गोठ्यावर पोचला तेव्हा उजाडलं होतं आणि वासरं हंबरून हंबरून घोगरी झाली होती. बहीण दारात उभी होती. तिने कॅनमध्ये डोकावून सांडलेलं किती ते बघितलं.

"वाटेत किती वेळा ठेवलेस?"

"सतरा."

"मी चार वेळा ठेवायचे," ती म्हणाली, आणि रिकामी बादली पायाने त्याच्याकडे सरकवली. "ओत. दुसरी खेप दुपारी आहे."